डीबीच्या दारामागचं अक्षर

परवा सकाळी इंडक्शनवर कुकर ठेवला, शेजारी चटणीसाठी मिक्सर फिरवला आणि स्वयंपाकघरातली सगळी वीज गेली. एमसीबीचा खटका पडला होता. वर केला... पुन्हा पडला.

अशा वेळी गेली बावीस वर्षं मी एकच नंबर लावत आले. सुदामचा. मांजरी गावाहून स्कूटरवर यायचा, चपला दाराबाहेर काढायचा आणि आत पाऊल टाकण्याआधीच विचारायचा, "काकू, आज काय जाळलंत?"

आता तो न्यूझीलंडला असतो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारून दुसऱ्या एकाला बोलावलं.

न्यूझीलंडचं सांगते. सुदामची बायको नर्स. परीक्षा देऊन, रीतसर तिला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि हा तिच्याबरोबर गेला. आयटीआय झालेला, वायरमनचं परमिट असलेला माणूस... बसून खाणार नव्हताच. पण तिथल्या लायसन्सशिवाय वायरला हात लावायचा नाही, आणि इथलं परमिट तिथे चालत नाही.

तोवर हेल्पर. चर खणायचे, केबल ओढायच्या. काम हेल्परचं म्हणून पगारही हेल्परचाच, आणि त्याच्या निम्म्या वयाची पोरं त्याला पक्कड कशी धरायची ते शिकवणार.

लायसन्ससाठी अनुभवाचा पुरावा मागितला होता. कुठे, कधी, कोणतं काम केलं, आणि ते ज्याने करून घेतलं त्याचं पत्र. सुदाम पडला घरोघरी जाऊन काम करणारा, त्याला कोण सर्टिफिकेट देणार? त्याने मला फोन केला. "काकू, तुमचं इंग्लिश लई भारी हाय. तुमीच लिवा."

लिहिलं. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी आणि विमा कंपनीतला सगळा जन्म, दोन्ही पणाला लावलं. सुदाम प्रामाणिक आहे, वेळ पाळतो, आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे असायची. माझे यजमान आजारी होते तेव्हा ऐन पाडव्याला येऊन त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी वेगळी लाइन टाकून गेला... चांगली दोन पानं. शेवटी मीच वाचून डोळे पुसले.

अर्ज नामंजूर. पुरावा अपुरा.

मी आठ दिवस त्या देशाच्या नावाने खडे फोडले. मेंढ्या मोजण्यात हयात गेलेल्यांना माणसाची काय पारख, इथपर्यंत बोलून झालं. ऐकायला घरात कोणी नव्हतं, पण म्हणून मी थांबत नाही.

तर परवाचा नवा इलेक्ट्रिशियन. चाळिशीचा, बोलायला बरा. त्याने पॅसेजमधल्या एमसीबीच्या बॉक्सचं, म्हणजे डीबीचं, दार उघडलं आणि थबकला. "मॅडम, हे कोणाचं काम? असं आता कोणी करत नाही हो."

दाराच्या आतल्या बाजूला, मार्करने, सुदामचं बारीक अक्षर. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, कुठे कितीची वायर. त्याखाली तारखा. पूर्ण वायरिंग बदललं. गीझरची लाइन वेगळी केली. अर्थिंग तपासलं. काकांच्या मशीनची लाइन. प्रत्येक नोंदीपुढे सही.

कुठे, कधी, कोणतं काम... सगळं माझ्याच घरात लिहून ठेवलेलं. आणि मी दोन पानं त्याच्या स्वभावावर खर्ची घातली होती.

विमा कंपनीत क्लेम तपासताना मी कधी कोणाचा स्वभाव बघितला होता? कागद अपुरे म्हणून किती जणांना परत पाठवलं, त्यातले काही चेहरे अजून आठवतात.

तो माणूस नवा एमसीबी बसवून गेला. मी दाराचा फोटो काढला, मग डीबीचा. मग वरच्या आणि खालच्या मजल्यावर बेल वाजवत फिरले, लोकांना त्यांचे डीबी उघडायला लावले. सात घरांत तेच अक्षर निघालं. सगळे फोटो सुदामला पाठवले आणि लिहिलं, पुन्हा अर्ज कर, या वेळी पत्र नीट लिहिते.

दुपारी त्याचा फोन आला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती.

"काकू, राहू द्या आता."

चर खणून खणून खांदा गेला होता. महिन्यापूर्वीच त्याने ते काम सोडलं. आता एका शेडमध्ये खोक्यांत किवी भरतो. "तुमी एवढं मनापासून लिवलं... मग कसं सांगायचं तुमाला?"

नव्या पत्रासाठी काढून ठेवलेला कागद मी परत खणात ठेवला.

मग तोच म्हणाला, "ते जाऊ द्या. किचनला बत्तीस अँपचा एमसीबी कुणी टाकला?"

मी पुरावा म्हणून पाठवलेल्या फोटोत त्याला नेमकं ते दिसलं होतं. नवा माणूस म्हणाला होता, मोठाच टाकतो, म्हणजे परत पडायला नको. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"अडीचची वायर हाय तिथं, बत्तीसचा लोड तिला झेपायचा नाय. वायर जळंल, पण एमसीबी पडायचा नाय. वीसचाच बसवून घ्या. आन् तवर इंडक्शन लावू नका... ऐकताय ना? तुमचा भरवसा नाय."

त्या नव्या माणसाला मी लायसन्स विचारलं नव्हतं. आपण इथे कोणालाच विचारत नाही. तिकडे का विचारतात, ते मला माझ्याच डीबीपुढे उभं राहून कळलं... आणि ते लायसन्स ज्याच्याकडे असायला हवं, तो किवी भरतोय.

त्या माणसाला परत बोलावलं, बोलायचं ते बोलले, वीसचा बसवून घेतला. नंतर मार्कर शोधला आणि सुदामच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून लिहिलं, किचनचा एमसीबी बदलला, वीसचा, सुदामच्या सांगण्यावरून.

पुढे सहीची जागा मोकळी ठेवली आहे.