पेशींना ऐकू आलेलं 'पुरे'

चाकणच्या कंपनीत जाताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसते. तिचे पाय खाली टेकत नाहीत, म्हणून बॅग पायाखाली घेते. ती क्वालिटी तपासणीत आहे. माल नापास करताना तिचा जो आवाज असतो, तोच एरवीही असतो.

नवीन माणूस हमखास विचारतो, "मॅडम, तुमची उंची अशी कशी राहिली?"

मोबाइलमधून मान वर न काढता ती सांगते, "हाडांच्या टोकांना कूर्चेची पट्टी असते. तिथल्या पेशी वाढतात, रांगा लावतात, मग त्यांच्या जागी हाड तयार होतं. शरीरातले वाढीचे घटक त्यांना कधी 'चला' सांगतात, कधी 'पुरे'. माझ्या पेशींना सतत 'पुरे'च ऐकू येत राहिलं. अजून काही?"

अजून काही नसतं.

मागच्या महिन्यात आमच्या लाइनवरच्या एका ऑपरेटरला मुलगी झाली. डॉक्टरांनी हाच प्रकार असल्याचं सांगितलं. आम्ही सगळे त्याच्या भोसरीतल्या खोलीवर गेलो, तीही आली. बाळाच्या आईचे डोळे रडून सुजले होते.

"हिचं कसं व्हायचं हो ताई?" आईने तिला विचारलं.

माझ्या बसमधल्या शेजारणीने बाळाला मांडीवर घेतलं, मान नीट सांभाळून. मग खोलीभर नजर फिरवली आणि दिव्याच्या बटणाकडे बोट केलं.

"ते खाली घ्यावं लागेल. घाई नाही, चालायला लागली की बघा."

आईने बटणाकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "अहो, घरमालकाला विचारून ठेवा."