दर्यापूरच्या कोर्टातला दुसरा किसन

"मी दर्यापूरच्या कोर्टाची पायरी चढलो नाई, वकीलसाहेब," किसन तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मी तिसऱ्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

आरोपी म्हणजे कोर्टात कधी न गेलेला माणूस, हे मला वकिलीच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. पण किसनच्या हातात नोटीस होती. तो अकोट-दर्यापूर रस्त्यावर एका शेठची सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची बस, चालवी. नोटिशीत त्याच्या नावावर दोन शिक्षा दाखवल्या होत्या. एक अकोटची, दिव्याशिवाय गाडी चालवल्याची. दुसरी दर्यापूरची, गाडीत जादा माणसं कोंबल्याची. तेव्हा तुझं लायसन्स रद्द का करू नये, याचं कारण पंधरा दिवसांत दाखव.

दिव्याचं त्याला मान्य होतं. दर्यापूरचं नव्हतं. शेठने तर त्याला सांगूनच टाकलं होतं, लायसन्स गेलं की मी दुसरा ड्रायव्हर पाहतो. किसनला स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं. लायसन्ससाठी म्हणून तो खपून सही करायला शिकला होता, आणि वकालतनाम्यावर ती त्याने इतक्या सावकाश केली की माझा चहा गार झाला.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी अकोल्याला वकिली करत होतो. संशय हा आमच्या धंद्याचा गुण. माझ्यात तो जरा जास्तच उतरला होता. बायको म्हणे, तुम्ही आरशातल्या माणसाचीसुद्धा उलटतपासणी घ्याल. एका माणसावर मात्र मी कधी संशय घेतला नाही. ते माझे मुनशी गोविंदराव. मुनशी म्हणजे वकिलाचा कारकून. फॉर्म भरणं, तारखा सांभाळणं, किरकोळ खटले निपटणं, सगळं त्यांच्याकडे. शेठची मोटारीची प्रकरणंही तेच बघत.

"मिसल पाहाले अमरावतीपर्यंत कावून जाता साहेब?" गोविंदराव म्हणाले. "कबुलीचा खटला. एका पानाची मिसल. माफी मागा अन् मोकये व्हा."

मिसल म्हणजे खटल्याचे सगळे कागद एकत्र बांधलेले. माझा त्रास वाचवायला बघतात बिचारे, असं मला वाटलं.

आधी दर्यापूरला गेलो. तिथला कारकून म्हणाला, निकाली मिसला अमरावतीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. हे त्याने इतक्या पटकन सांगितलं की मला वास आला. शेठचा हात इथपर्यंत पोचला, अशी मी मनाशी नोंद केली. शेठला काय मिळणार होतं, याचा विचार केला नाही. संशयाला तेवढी सवड नसते.

अमरावतीचे रेकॉर्ड कीपर हरबाजी म्हणजे चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेले, सुकलेले गृहस्थ. त्यांच्या मागे छतापर्यंत बस्ते, म्हणजे लाल फडक्यात बांधलेले मिसलींचे गठ्ठे. मी किसनचं नाव आणि गुन्ह्याचा महिना सांगितला. त्यांनी त्या महिन्याचा बस्ता सोडला, बोटाला थुंकी लावून एकेक मिसल उलटली, आणि मान हलवली. नाही.

मी म्हणालो, नाही कशी, की काढून ठेवली? ते रागावले नाहीत.

"तुमी गुन्ह्याची तारीख सांगून राहिले," ते म्हणाले. "बस्ता निकालाच्या तारखेनं बांधतात. निकाल कवा लागला?"

वीस वर्षांच्या वकिलीत मला हे माहीत नव्हतं. माझ्या मिसला नेहमी गोविंदराव शोधत. निकालाची तारीख नोटिशीतच होती. हरबाजी आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक पातळ मिसल घेऊन आले. ती त्यांनी उघडून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मिसलीकडे.

"अकोल्याचे वकील म्हणता, ते तुमीच ना?"

"मीच."

"पाहाच लागते का तुमाले?"

झालं. माझी खात्री पटली. हा माणूस फितलेला आहे. मी आवाज चढवला, वरच्या साहेबांचं नाव घेतलं. हरबाजींनी मिसल माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पहिल्या पानावर कबुली होती. 'मला गुन्हा कबूल आहे.' खाली अंगठा. अंगठा पाहून मी जवळजवळ हसलो. सही करणारा किसन अंगठा कशाला देईल? कोणीतरी दुसराच किसन म्हणून उभा राहिला होता. पोरगा खरं बोलत होता, आणि मी त्याला तीनदा खोटं ठरवलं होतं.

पान उलटलं. तोतया उभा राहू नये म्हणून कोर्ट वकिलाकडून आरोपीची ओळख मागतं. त्यासाठीचा छापील फॉर्म होता. 'हजर आरोपी हाच किसन असून मी त्यास जातीने ओळखतो.' अक्षर गोविंदरावांचं. खाली सही माझी.

मी पुष्कळ वेळ त्या सहीकडे पाहिलं. बनावट असावी, अशी फार इच्छा झाली. पण दर सोमवारी मी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा सही करून गोविंदरावांच्या स्वाधीन करत असे. सगळेच वकील करत. वेळ वाचतो.

"पयल्या पानाचीच नक्कल देऊ का?" हरबाजींनी हळूच विचारलं. "अंगठ्यानंच काम भागते तुमचं."

नक्कल म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. खरंच भागलं असतं, कोणी पुढचा प्रश्न विचारला नसता तर. पण नोटीस काढणारा साहेब विचारणारच, मग ओळख कोणी दिली? त्याचं उत्तर नसलं की किसनचं लायसन्स लटकणार. आणि दोन्ही पानं दिली तर माझी सनद, म्हणजे माझंच लायसन्स, पणाला. मला भीती वाटली. लाज त्याहून जास्त वाटली. मी दोन्ही पानांची नक्कल मागितली आणि हरबाजींची माफीही.

अकोल्याला परतून गोविंदरावांपुढे कागद ठेवला. ते घाबरले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

"अवो साहेब, ड्रायव्हर दिवसभर कोर्टात बसला तं गाडी कोन चालवन? शेठ आपल्या कापसाच्या जिनातला एखादा हमाल धाडते. तो कबूल म्हन्ते, अंगठा देते. तुमची सही होतीच."

मी त्यांना काढलं नाही. कोणत्या तोंडाने काढणार?

किसनला सगळं सांगितलं. तो फॉर्म मी वाचून दाखवला, तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं, "म्हंजे तुमी मले आधीपासूनच ओयखत होते?"

सुनावणीला साहेबांनी मला विचारलं, "ही सही तुमची?"

"माझी."

"या अंगठ्याच्या माणसाला तुम्ही ओळखता?"

"नाही. त्याला मी कधी पाहिलेलं नाही."

"आणि हा समोरचा किसन?"

"याला पंधरा दिवसांपासून ओळखतो."

साहेबांनी किसनला समोर सही करायला लावली. ती पुरी होईपर्यंत सगळी कचेरी थांबली. दर्यापूरची शिक्षा लायसन्सपुरती धरू नये, असा शेरा पडला, आणि माझ्याबद्दलचे कागद जिल्हा जज्जांकडे गेले. सनद वाचली. लेखी ताकीद मिळाली.

त्यानंतर मी कोऱ्या कागदावर सही केली नाही. संशयाची सवय मात्र गेली नाही, फक्त सुरुवात आता स्वतःच्या टेबलापासून करतो. ती ताकीद कुठल्यातरी बस्त्यात अजून असेल. कोणाला पाहायची असलीच, तर गुन्ह्याच्या तारखेने शोधू नका.