लेक सासरी गेल्यावरचं बोलणं

आमच्या घरी नवराबायकोनं एकमेकांशी सरळ बोलायची पद्धतच नव्हती. "बाबांना विचार, जेवता का." "आईले सांग, भूक नाही." सगळं लेकीमार्फत. ती लग्न होऊन गेली आणि आमचा पोस्टमनच गेला.

हे पांढरकवड्याला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बोटांत धागा ओढून कापसाची प्रत ठरवायची, हे काम. त्या पडत्या भावाच्या वर्षांत प्रत कमी लावली की शेतकरी त्यांच्या अंगावर धावून जात. संध्याकाळी घरी येत तेव्हा केसांत, भुवयांवर कापूस असे. दारातला तो पांढरा माणूस मला स्वप्नातला वाटे, हात लावला तर उडून जाईल असा. मी टीव्ही बंद करायची, भांडीसुद्धा न वाजवता घासायची. दमलेल्या माणसाला शांतता हवी, एवढंच मला कळत होतं.

मग त्यांचं जेवण सुटलं. एकदा विहिरीत वाकून बराच वेळ बघताना दिसले आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांना यवतमाळच्या एसटीत बसवलं.

यवतमाळच्या समुपदेशक मॅडमसमोरही आम्ही तेच केलं. "मॅडम, यांना सांगा ना, दोन घास खा म्हणा." "हिले सांगा, मी बरा आहे." त्या हसल्या. "मी तुमची लेक नाही," म्हणाल्या, आणि खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर कडुनिंब हलत होता. मग हे माझ्याकडे बघून, हो, माझ्याचकडे बघून म्हणाले, "घरी आलो का तू एकदम गप्प. भांड्याचाही आवाज नाही. मले वाटलं, तुलेही मी नकोसा झालो."

"अहो, तुम्हाले आराम पडावा म्हणून!" मी ओरडलेच. इतक्या जपून पाळलेल्या त्या शांततेचा मला भयंकर राग आला.

पुढे कितीतरी महिने आम्ही जात राहिलो. पांढऱ्या शेतांमधून एसटी डुलत जायची, आणि येताना हे माझ्याशी बोलायचे. घरी मी त्यांच्या केसांतला कापूस वेचत विचारायची, "आज काय झालं?" कोण ओरडलं, कोण रडलं, सगळं सांगायचे. भाव काही सुधारला नाही. माणूस मात्र जेवू लागला, झोपू लागला.

एका संध्याकाळी म्हणाले, "आज माझं राहू दे." मला वाटलं, हे पुन्हा बोलणं सोडणार. त्यांनी पाट ओढला, समोर बसले. "आज तू सांग. तुह्यं कसं चाललं?"

अख्ख्या संसारात हे मला कुणी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं, तर आधी रडूच आलं. हे तसेच बसून राहिले, मी बोलायची वाट बघत.