फुंका, पाव्हणं!

शिरड शहापूरच्या फाट्यावर संतरामची टपरी होती, अन् संतरामला वाटायचं की अख्खा फाटा आपल्यामुळंच चालून राहिला. बाटल्यांतून पेट्रोल विकायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तळहातावर थेंब टाकून मिशीला पीळ देत म्हणायचा, "फुंका, पाव्हणं! उडालं का न्हाई?" थेंब उडायचाच. त्या थेंबाची बाटली निराळी होती, अस्सल मालाची. विकायच्या ड्रममध्ये पांढरं राकेल मिसळलेलं. लेक प्रियंकाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. बापाचं ते 'पाव्हणं' ऐकलं की तिला किळस यायची.

बरं, लबाडी करावी तर निदान अकलेनं करावी! तेही न्हाई. उन्हाळ्यात पत्र्याखाली ड्रम तापायचा, झाकण कधी धड लागायचं न्हाई, अन् तेल घटायचं. संतराम काठी बुडवून घट बघायचा अन् तेवढंच राकेल वर ओतायचा. 'उडालं तेवढं भरलं, माल बराबर!' हे याचं गणित.

थोरला शिवशंकर तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मिसळीच्या तेलाचा थेंब तापला की कसा आटत जातो, ते तो कॉम्प्युटरवर मांडून बघायचा. दोन दिवसांसाठी घरी आला, तर ड्रमापाशीच थबकला.

"बाबा, मिसळीतलं सगळं सारखं उडत न्हाई. हलकं पेट्रोल आधी जातं, जड राकेल मागं ऱ्हातं. त्यात तुमी वरून राकेलच ओतून राहिले. होळीपासून ह्यात पेट्रोल उरलं तरी किती असंल?"

"घ्या!" संतराम टपरीवरच्या रिकामटेकड्यांकडं बघून खिंकाळला. "कॉलेजात घातलं, अन् ह्यो थेंब वाळवायला शिकला! वलणीवरचं लुगडं रोज वाळतं, त्याला कॉलेज लागतं व्हय रे?"

मंडळी फिदीफिदी हसली. शिवशंकर मान खाली घालून नांदेडला निघून गेला. प्रियंकाला मात्र हसू आलं न्हाई. ड्रमाला आता निव्वळ स्टोव्हचा वास येत होता.

त्याच चैत्रात वसमतचे माणिकराव मुलाला मोटारसायकलवर घेऊन तिला बघायला आले. मुलगा सरळ होता. "नर्सिंगचं शिकायचं असंल तर लग्नानंतर बी शिका," म्हणाला. असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तिच्या मनानं तिथंच होकार दिला. माणिकरावांनीही पसंती सांगितली.

झालं! संतरामला चेव आला. "पाव्हण्यांची टाकी भरल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाई!" आधी माणिकरावांच्या तळहातावर थेंब. "फुंका, पाव्हणं!" उडाला.

"बाबा, ड्रमातलं नका भरू," प्रियंका दारातून काकुळतीनं म्हणाली.

"तू गप! शिवाची बहीण शोभतीस." अन् त्यानं टाकी काठोकाठ भरली.

गाडी ओढ्याच्या पुलापर्यंत गेली, पांढरा धूर ओकला अन् बसली. बापलेक भर उन्हात ती ढकलत परत आले. माणिकराव ओरडले न्हाईत. त्यांनी टाकीची नळी सोडवली, संतरामचा हात धरला अन् तळहातावर थेंब टाकला.

"फुंका, पाव्हणं."

संतरामनं फुंकलं. पुन्हा गाल फुगवून फुंकलं. थेंब नुसता पसरला. रिकामटेकडी मंडळी आताही हसली.

"पोरगी गुणाची हाय तुमची," माणिकराव म्हणाले. "पण सोयरीक बापासंग बी होती." गाडी तिथंच टाकून त्यांनी वसमतची एसटी धरली. मुलानं खिडकीतून एकदा वळून बघितलं.

संतराम हात पसरून तसाच उभा होता. प्रियंकानं घरातून फडकं आणलं अन् त्याच्या अंगावर फेकलं.

"पुसा. ते फुंकून जायचं न्हाई आता."