साडूभाऊंची खाट

आयकर कापला गेला की माणसं चिडतात. आयकर कापला गेला म्हणून काळजीत पडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. कारखान्यात सुपरवायझर, राहायला गारखेड्यात. एका मार्चमध्ये त्यांचा निम्मा पगार टॅक्सात गेला आणि त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या दारात नव्या खाटा उतरताना त्यांना दिसल्या. झालं! बायकांच्या वॉर्डातली खिडकीजवळची खाट आपल्या टॅक्सातून आली, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तेव्हापासून दर रविवारी ते खाटेची खुशाली विचारायला जात. "ताईची सवतच आहे ती," असं माझी बायको म्हणायची.

मी त्यांना छेडायचो, "अहो, तुमचा टॅक्स जातो दिल्लीला. इथल्या खाटेशी त्याचा काय संबंध?"

"पैठणच्या धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं का नाय? तसाच तोही फिरून इथं येतो."

"नळाला आठवड्यातून एकदा येतं, साडूभाऊ."

यावर त्यांचा चेहरा खर्रकन उतरे. "त्याचीच तर लई धास्ती वाटते हो."

ती दुष्काळाची वर्षं होती. धरण आटत होतं आणि शहर मात्र बिडकीनच्या दिशेनं पसरतच चाललं होतं. नवी कॉलनी दिसली की लोक प्लॉटचा भाव विचारत, साडूभाऊ विचारत, "इतकी माणसं आजारी पडली तर झोपवायची कुठं?" खोटी भाडेपावती जोडून टॅक्स वाचवणाऱ्या एका सहकाऱ्याला त्यांनी भर कॅन्टीनमध्ये सुनावलं होतं, "तू आज एका बाईचं सलाइन पळवलंस!" तो बिचारा तोंडातला वडा गिळायचा विसरला. दवाखान्यात जाताना यांच्या एका खिशात पाना आणि दुसऱ्यात नळाचे वायसर असत. ठिबकणारा नळ त्यांना सहन होत नसे. आवाज आला की गप्पा अर्धवट टाकून ते त्या दिशेनं निघत.

आणि एका मे महिन्यात देवगाव रंगारीहून आमच्या सासूबाईंनाच बेशुद्ध आणलं. टँकरच्या रांगेत उभ्या असताना त्यांना ऊन लागलं होतं. वॉर्ड गच्च भरलेला, आणि रिकामी होती ती नेमकी खिडकीजवळची खाट. मला वाटलं, साडूभाऊंची छाती फुगेल. पण ते पांढरेफटक पडले. मला बाजूला ओढून म्हणाले, "खाजगीत न्यायचं का हो? माझ्या खाटेवर काही कमीजास्त झालं तर घरी हिला काय तोंड दाखवू?" मलाही खरं तर भीती वाटत होती. डॉक्टरीणबाई तेवढ्या शांत होत्या. "हलवू नका. सलाइन थांबता कामा नये," एवढंच त्या म्हणाल्या.

मग काय! जन्मभर ठिबक बंद करत हिंडलेला हा माणूस ठिबक चालू राहावं म्हणून बाटलीखाली बसला. पाणी प्यायला उठेना, पापणी लववेना. एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला. बघून बघून माझाही अडकायला लागला. ऊन कलल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, असं टक लावून काय बघता? नजर लागंल की त्या बाटलीला." साडूभाऊ हसले आणि तिथंच हुंदके देऊन रडले.

सासूबाईंना घरी सोडलं त्या दिवशी आम्ही त्यांना उठवत होतो, तोवर बिडकीनकडच्या बांधकामावरचा एक मजूर तापानं फणफणलेल्या बायकोला धरून आला. खाटेपाशी येऊन तो बिचकला. "साहेब, ही खाट कुणाची हाय?"

साडूभाऊंचं नेहमीचं उत्तर मला पाठ होतं. त्यांनी एकदा खाटेकडं बघितलं, हातानं चादर सारखी केली.

"तुमचीच. बसवा त्यांना."

रविवारी ते अजूनही जातात. पण "माझी खाट" हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. छेडायला काही उरलं नाही म्हणून मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. कुठं निघालात म्हणून विचारलं, तर खिशातला पाना चाचपत एवढंच म्हणतात, "बघून येतो, आज तिथं कोण आहे."