डेर, डी, डास आणि लुंबिनी सिस्टर

लुंबिनीला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात ती हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती आणि ड्युटी संपली तरी तिचे पाय थांबत नसत. खोलीवर आली की उभ्यानंच चहा प्यायची, उभ्यानंच शब्द पाठ करायची. जर्मनीत नर्स पाहिजेत असं ऐकून तिनं जर्मन शिकायला घेतलं, तेव्हापासून तर तिच्या डोक्यात भिंगरीच बसली होती.

भाषा तशी अवघड नव्हती. अडायचं ते नामांपाशी. प्रत्येक नामाच्या आधी डेर, डी किंवा डास लावायचं; डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. मराठीतही तीन लिंगं आहेत, आपल्याला सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. पण तिकडं सूर्य बाई निघाला. चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! तिनं खोलीभर चिठ्ठ्या डकवल्या. डेरला निळी, डीला लाल, डासला हिरवी. कपाट, आरसा, खिडकी, बादली, काही सुटलं नाही. तिच्यासोबत राहणारी पुनम कावली.

"दिवसभर डास डास करून राहिलीस. अगरबत्ती लावू का?"

लुंबिनी हसली, पण ओठ पुटपुटतच राहिले.

दर रविवारी ती सकाळच्या एसटीनं लातूरला क्लासला जायची. लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस पोचेपर्यंत तिचा गुडघा हलत असायचा. शेजारची बाई एकदा म्हणाली, "पोरी, गाडीला डायवर हाय, तू कामून चालवून राहिलीस?"

क्लासचे राजशेखर सर मूळचे उदगीरचे. ज्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'डास मेडशेन' लिहिलं, त्या दिवशी लुंबिनीनं न राहवून हात वर केला.

"सर, मेडशेन म्हणजे मुलगी ना? मग मुलगी ते कसं काय?"

"आपण पोरगं म्हणत न्हाई का? ते पोरगं. अन् दार ते असतं, दरवाजा तो. वस्तू एकच की. बरं, मला सांगा, पेन तो का ते?"

"तो पेन," मागच्या बाकावरून आवाज आला.

"ते पेन!" पुढचे ओरडले. वर्ग दोन गटांत भांडायला लागला.

"बघा," सर म्हणाले, "आपल्याच भाषेत आपलं एकमत न्हाई. तुम्ही बोलत चला. चुकलं तर चुकलं."

सगळे हसले. लुंबिनी मात्र हसली नाही. चुकलं तर चुकलं, हे तिला परवडणारं नव्हतं.

त्याला कारण होतं. तिचे वडील लिंबाजी किनवटकडं आश्रमशाळेत स्वयंपाकी. तिथं शिकून पोर पुण्याला नर्सिंगला गेली. पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गात उत्तर दिलं, "न्हाई मॅडम, मी करून राहिले." अख्खा वर्ग हसत सुटला. पुढं वर्षभर होस्टेलच्या पोरी जेवणाच्या ताटावरसुद्धा तिची नक्कल करायच्या: "लुंबिनी, जेवून राहिलीस का?" तेव्हापासून तिनं एक सवय लावून घेतली. वाक्य आधी मनात तपासायचं आणि मगच तोंड उघडायचं.

जर्मनमध्ये ह्याच सवयीनं घात केला. परीक्षेत लिहिणं ठीक गेलं. पण तोंडीला समोर चित्र आलं, त्यात टेबल होतं, घड्याळ होतं, एक कुत्रा होता. कुत्रा डेर की डास? ती शोधत राहिली. परीक्षक बाई मान हलवून धीर देत होत्या. वेळ संपली तेव्हा ती जेमतेम चार वाक्यं बोलली होती. तोंडीत ती नापास झाली.

त्याच सुमारास वॉर्डात लक्ष्मम्मा आली. देगलूरच्या पलीकडची म्हातारी, घरची भाषा तेलुगू. पाय घसरून पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. तिचा मुलगा विरूपाक्ष दिवसभर औषधांसाठी खालीवर करायचा आणि म्हातारी दिवसभर बोलायची. मराठी अशी, की तिथं लिंग म्हणून काही नव्हतंच.

"सिस्टर, माझा पाठ दुखती. माझं सून आलं का? चहा गार झाली बघ, दुसरं आण."

सगळ्यांना ते कळायचं. बायका गालातल्या गालात हसायच्या, लक्ष्मम्माही हसायची आणि पुढचं बोलायची. लुंबिनीच्या कानांना मात्र ते खड्यासारखं लागायचं. आधीच डोक्यात शेकडो शब्द आपापल्या लिंगासकट फिरत होते, त्यात ही म्हातारी मराठीचाही काला करत होती.

एका दुपारी, सराव परीक्षेत पुन्हा अडखळल्याचा राग मनात असताना, लक्ष्मम्मा म्हणाली, "सिस्टर, सून आलं न्हाई अजून."

"आजी, सून आलं नाही, सून आली!" लुंबिनी फटकन बोलली. "अन् माझा पाठ नाही, माझी पाठ! इतकी वर्षं ह्या मुलखात राहून एवढंही येत नाही का?"

शेजारच्या खाटांवरच्या बाया खो खो हसल्या. लक्ष्मम्मानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा लुंबिनीकडं. मग चादर तोंडावर ओढली.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड शांत होता. "आजी, दुखतंय का?" विचारलं की लक्ष्मम्मा मान हलवून नाही म्हणायची. लुंबिनीला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पण तिसऱ्या दिवशी चादर बदलताना तिचा हात म्हातारीच्या पायाला लागला आणि ती थबकली. ऑपरेशनच्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा चांगलीच जाड होती, गरम लागत होती. दाबली तशी लक्ष्मम्मानं दात आवळले.

लुंबिनी पळतच डॉक्टरांकडं गेली. लगेच तपासणी झाली. शिरेत रक्ताची गाठ धरली होती. ती सुटून वर छातीत गेली असती तर म्हातारी हाती लागली नसती. औषध सुरू झालं.

"अहो, ह्यांना कधीपासून दुखत होतं? सांगितलं कसं नाही?" तिनं विरूपाक्षला विचारलं. त्यानं आईला तेलुगूत विचारलं. म्हातारी तोंड फिरवून काहीतरी पुटपुटली.

"परवापासून दुखत होतं," तो ओशाळून म्हणाला. "पोटरी तो का ती, ते म्हाईत न्हाई म्हणे. चुकलं तर बाया परत हसतेत, म्हणून गप बसली."

लुंबिनीला पुण्याच्या होस्टेलमधली ताटं आठवली. ज्यांनी तिची नक्कल केली, त्यांचंच तोंड घेऊन आपण ह्या म्हातारीपुढं उभे राहिलो, हे तिला गिळवेना.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ती लक्ष्मम्माच्या खाटेशी बसली. "आजी, माझं चुकलं," म्हणाली. मग तिनं विरूपाक्षकडून एक वाक्य विचारून घेतलं आणि छाती करून तेलुगूत म्हणाली, "नाकु कालु नोप्पी उंदा?"

लक्ष्मम्मानं डोळे मोठे केले आणि खदखदून हसायला लागली. विरूपाक्षही हसला. 'मीकु'च्या जागी 'नाकु' पडलं होतं. तुमचा पाय दुखतो का विचारायचं, तर तिनं विचारलं होतं, माझा पाय दुखतो का?

"तुझी पाय मला काय म्हाईत!" लक्ष्मम्मा म्हणाली. मग थांबून, हळूच, "माझं दुखतंय. लई."

"कुठं?"

म्हातारीनं हातानं दाखवलं आणि मग तासभर बोलत राहिली. ती घरी जाईपर्यंत लुंबिनी रोज तिच्याशी मोडकंतोडकं तेलुगू बोलली आणि रोज चुकली.

पुढच्या रविवारी क्लासमध्ये राजशेखर सरांनी तिला उभं केलं. ती बोलायला लागली. पाहिजे तिथं डी, नको तिथं डी. एक-दोघं हसले. पण ती खाली बसली नाही.

पुण्याला दुसऱ्यांदा तोंडी परीक्षा झाली. सोबतच्या उमेदवाराबरोबर आजारी मित्राला भेटायला जायचं ठरवायचं होतं. केकला तिनं डी लावलं, 'बस'ला डास लावलं; दोन्हींना डेर हवं होतं. परीक्षक बाईंचा पेन कागदावर हलताना तिला दिसत होता. तरी ती म्हणाली, बस नको, आपण चालतच जाऊ, मित्राला सूप नेऊ, त्याचं दुखणं विचारू. वेळ संपली तेव्हा तिचं एक वाक्य तोंडातच राहिलं होतं.

ती पास झाली. मार्क काही भारी नव्हते. फोनवर लिंबाजीनं विचारलं, "आता झालं म्हण की तुझं?"

"न्हाई बाबा, अजून वरची पायरी हाय. मग कागदपत्रं, मग व्हिसा."

"म्हंजी अजून पळापळच."

आता ती त्या वरच्या पायरीच्या क्लासला जाते. लिंगं अजून चुकतात, नवे शब्द जुन्यांना ढकलून देतात, आणि कधी कधी वाटतं, हे सगळं होईतो आपण म्हातारे होऊ. पुनम तिला परवा म्हणाली, "जर्मनीत गेल्यावर तरी निवांत बसशील का गं?"

केसांना पिना लावत, एक पाय चपलेत घालत लुंबिनी म्हणाली, "बसायला जाऊन राहिले का मी?"