दारापर्यंत आलेला हुकूम

मी देव मानणारा माणूस, पण लढाईहून परतल्यावर दोन-तीन वर्षं माझं त्याच्याशी बोलणं बंद होतं. ब्रह्मदेशाच्या जंगलातून धडधाकट परत आलो म्हणून गावानं नारळ फोडले होते. अमळनेरजवळचं आमचं गाव, घरची कपाशी, बैल, सगळं होतं तसंच होतं. मीच तसा राहिलो नव्हतो. डोळा लागला की ओरडत उठायचो. पत्नी विचारायची, "अहो, काय दिसतं तुम्हाला?" मी पाठ फिरवून पडून राहायचो. काम न करताच थकून गेलो होतो. माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीतून 'येऊन भेटा' अशी पत्रं यायची. ती मी उघडतही नसे.

अशात कळलं, की जामनेरकडच्या राजारामनं आपला जीव दिला. आम्ही एकाच पलटणीतले. जंगलात मी तापानं फणफणलो तेव्हा त्यानंच मला पाठीवर घेतलं होतं. त्या बातमीनं माझा उरलासुरला धीर गेला.

एका दुपारी पत्नी शेतात गेल्यावर मी तापीची वाट धरली. परत यायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. काठावर महादेवाचं देऊळ आहे, तिथं का कोण जाणे, पाय थांबले. हात काही जोडले नाहीत. एवढंच म्हणालो, "आता माझ्याच्यानं होत नाही."

सावलीत कुणीतरी उठलं. पन्नाशीचा, खाकी कोटातला माणूस, शेजारी पंक्चर झालेली सायकल. पाणी प्यायला थांबला होता. त्यानं आमच्या गावाची वाट विचारली, आणि मग माझंच नाव घेऊन घर विचारलं.

"मीच तो," मी म्हणालो.

त्यानं माझा चेहरा नीट न्याहाळला. धुळ्याकडचा, निवृत्त हवालदार होता. "भाऊ, आठे एकलाच काय करी ऱ्हायना?" इथं एकटाच का, या प्रश्नावर मी नदीकडे बोट केलं. तो पायरीवर बसला, मलाही बसवलं. "लढाईमा मीबी व्हतू. मनाकडे येळ शे. बठ्ठं सांग."

त्याला घाई नव्हती; मी सगळं सांगितलं. कुणालाही न सांगितलेलं सांगितलं, आणि नदीकडे का निघालो तेही. त्यानं उपदेश केला नाही, मला भित्राही म्हटलं नाही. ऊन उतरल्यावर माझ्यासोबत घरी आला, माझ्यासमोरच पत्नीला सगळं नीट समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. कित्येक महिने औषधपाणी चाललं. झोप एकदम परतली नाही, थोडी थोडी आली.

धुळ्याच्या वाटेत मी विचारलं होतं, "तुम्हाला कुणी पाठवलं?" तो म्हणाला, सरकारचा नवा हुकूम आहे. जो जवान पत्राला उत्तर देत नाही, त्याच्या घरी माणसानं जायचं, घरच्यांशी बोलायचं, गरज पडली तर दवाखान्यात सोबत न्यायचं. हा हुकूम निघाला तो राजारामच्या वडिलांमुळे. मुलगा गेल्यावर ते कितीतरी दिवस जळगावच्या कचेरीच्या ओसरीवर जाऊन बसत. येणाऱ्या प्रत्येक साहेबाला एकच सांगत, "माझ्या पोराला पत्रं आली. माणूस आला नाही."

बरा झाल्यावर मी राजारामच्या वडिलांच्या पाया पडायला गेलो. "नाना, तुमच्यामुळे जगलो." त्यांनी मला उठवलं, बराच वेळ माझा हात सोडला नाही. शेवटी म्हणाले, "जेवून जा."

त्या दुपारी सायकल पंक्चर कशी झाली, यावर मी वाद घालत नाही. मी देवाला फक्त नमस्कार करतो. शरण जाणं म्हणजे हात टेकणं असं मला वाटायचं. आता वाटतं, पुढे आलेला हात धरू देणं म्हणजेच शरण जाणं. त्या हवालदारांनंतर हे काम माझ्याकडे आलं. अजूनही थकतो. एखादा जवान बंद दाराआडून ओरडतो, "जा, मला कुणी नको." मी जात नाही. ओट्यावर बसतो आणि म्हणतो, "सावकाश उघड, भाऊ. मी आहे इथंच."